बंदरावरची तूर आणि खळ्यावरची तूर

लातूर, उदगीर, अकोला, जालना, सोलापूर, यांतल्या कुठल्याही बाजार समितीत तुरीचा सौदा होतो तेव्हा ढिगापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाटतं की भाव इथंच ठरतोय. आवक किती आली, दाणा कसा आहे, ओल किती आहे, खरेदीदार किती उभे आहेत. या गोष्टींनी भाव शंभर-दोनशे रुपये इकडेतिकडे होतो हे खरं. पण तो वर कुठपर्यंत जाऊ शकेल हे बहुतेक वर्षी चेन्नईला, न्हावा-शेवाला आणि म्यानमारच्या यांगूनला आधीच ठरलेलं असतं. तो हिशेब कागदावर मांडता येतो. दर आठवड्याला मांडला तर तूर कधी विकायची हे नुसत्या अंदाजावर सोडावं लागत नाही.

आधी गरज किती ते पाहू. देशाला वर्षाला ढोबळमानानं ४५ लाख टन तूर लागते. २०२२-२३ मध्ये उत्पादन ३३ लाख टनांच्या आसपास होतं, २०२३-२४ मध्ये ३४ लाखांच्या आसपास. उरलेली तूर बाहेरून येते, मुख्यतः म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून. व्यापारात तिची वेगळी नावं आहेत. म्यानमारची ती ‘लेमन’. मोझांबिकची ‘गजरी’ आणि पांढरी. टांझानियाची ‘मटवारा’ आणि ‘अरुशा’. यातल्या बहुतेक तुरीला भारताखेरीज मोठं गिऱ्हाईक नाही. आपण दार उघडलं की यांगूनमध्ये भाव चढतो, बंद केलं की कोसळतो. म्हणजे तुरीला आपल्यापासून स्वतंत्र असा ‘जागतिक भाव’ फारसा नाही. टंचाईच्या वर्षी आपण घाईनं आयात खुली करतो तेव्हा तिकडचा निर्यातदारही दर वाढवतो आणि स्वस्ताईचा बराचसा भाग तिकडेच अडकतो. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या बंदरांत तूर अडकून पडली होती आणि इथं डाळीचे भाव चढे होते. दोन-चार देशांवर अवलंबून राहण्यात हा धोका कायमचा आहे.

आता हिशेब. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, त्यांच्या जागी त्या दिवसाचे आकडे घालायचे.

लेमन तुरीचा भाव ‘सीएनएफ चेन्नई’ असा डॉलर प्रति टन सांगितला जातो, म्हणजे माल आणि जहाजभाडं धरून चेन्नई बंदरापर्यंतचा. तो ८०० डॉलर आहे असं धरू. डॉलर ८५ रुपये. गुणाकार ६८,००० रुपये टन, म्हणजे क्विंटलला ६,८००. बंदरावरची सोडवणूक, हाताळणी, पैशाचं व्याज मिळून क्विंटलला १५० धरा. ट्रकनं मराठवाड्यातल्या डाळ मिलपर्यंत आणायला २०० धरा. मिलच्या दारात ती तूर ७,१५० ला पडली.

त्याच मिलला बाजार समितीतून गावरान तूर घ्यायची तर बाजार फी, हमाली, तोलाई आणि वाहतूक धरून क्विंटलला साधारण १५० रुपये लागतात. म्हणजे सारख्या दर्जाच्या मालाला ती सौद्यात ७,००० देऊ शकते. आपली तूर लेमनपेक्षा टपोरी, डाळीला उतारा बरा आणि चवीला ग्राहकाची पसंती, म्हणून दोन-तीनशे जास्त मिळतात. आली ७,२०० ते ७,३०० ची वरची मर्यादा. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ८,०००. सातशे-आठशे रुपयांचं अंतर सौदा सुरू होण्याआधीच तयार आहे, आणि ते भरून काढण्याचं कारण खाजगी खरेदीदाराकडे नाही.

याच हिशेबातून दोन सोपे ठोकताळे निघतात. डॉलर एक रुपयानं महागला तर क्विंटलमागे ८० रुपये वाढतात. सीएनएफ भाव १० डॉलरनं हलला तर ८५ रुपये. एखाद्या आठवड्यात यांगूनचा भाव ३० डॉलरनं उतरला आणि लातुरात अडीचशे रुपये तुटले, तर ‘व्यापाऱ्यांनी संगनमत केलं’ म्हणण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. गुणाकारापेक्षा जास्त तुटलं असेल, तर मात्र स्थानिक कारण शोधायला हवं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ‘आयात शुल्क लावा’ ही मागणी दर हंगामात होते. तुरीच्या बाबतीत नुसतं शुल्क लावून फारसं काही होत नाही. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी हे चारही देश अल्पविकसित देशांच्या यादीतले. अशा देशांना भारतानं २००८ पासून शुल्कसवलत दिलेली आहे आणि त्यांची तूर शून्य शुल्कानं येते. २८ मार्च २०१७ ला तुरीवर १० टक्के शुल्क लागलं तेव्हा हीच स्थिती होती. मार्च २०२३ मध्ये ते शुल्क काढलं, तेव्हा सरकारनं दिलेलं कारणही हेच की अल्पविकसित देशांतून शून्य शुल्कानं येणाऱ्या मालालासुद्धा या शुल्कामुळे कागदपत्रांच्या अडचणी येतात. म्हणजे सहा वर्षं ते शुल्क मुख्यतः कागदावर होतं.

तुरीला खरा लगाम बसतो तो संख्येचा. ५ ऑगस्ट २०१७ ला केंद्रानं तुरीची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकली आणि वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. त्यानंतर डाळ मिलना परवाने घेऊन ठरलेल्या कोट्यात तूर आणावी लागे. कोट्यात देशातला भाव बंदरावरच्या हिशेबापासून सुटतो, हा त्याचा उपयोग. दोष असा की यांगूनचा स्वस्त भाव आणि इथला चढा भाव यांतलं अंतर परवाना ज्याच्या हाती त्याच्या खिशात जातं. शुल्क असतं तर तेवढे पैसे सरकारी तिजोरीत तरी पडले असते. शिवाय सरकार-सरकारमधले करार या मर्यादेबाहेर राहिले. जुलै २०१६ च्या करारानं मोझांबिककडून १ लाख टनांपासून चढत २ लाख टनांपर्यंत तूर घ्यायची हमी आपण दिली. २०२१ मध्ये तो करार पुढे पाच वर्षं वाढला, आणि त्याच वर्षी म्यानमारशी वर्षाला १ लाख टनांचा, मलावीशी ५० हजार टनांचा करार झाला.

१५ मे २०२१ ला तूर पुन्हा ‘मुक्त’ यादीत आली. ती सवलत पुढे वेळोवेळी वाढत गेली.

तीन हंगाम जे विसरता येत नाहीत

२०१४ आणि २०१५ ही सलग दुष्काळाची वर्षं. २०१५-१६ मध्ये तुरीचं उत्पादन साडेपंचवीस लाख टनांवर आलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये किरकोळ दुकानात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. गिऱ्हाइकाची ओरड खरी होती. शेतकऱ्यानंही भाव पाहिला. पुढच्या खरिपात पाऊस चांगला झाला, देशातला पेरा सुमारे ४० लाख हेक्टरवरून ५३ लाखांवर गेला आणि उत्पादन एका झटक्यात ४८ लाख टनांच्या पुढे गेलं.

त्याच २०१६-१७ या वर्षात देशात एकूण ६६ लाख टन कडधान्य आयात झालं आणि त्यात तूर सुमारे ७ लाख टन होती. टंचाईच्या भीतीनं केलेले सौदे भरपूर पिकाच्या वर्षी बंदरावर उतरले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता आणि मराठवाडा-विदर्भातल्या बाजारात तूर ३,५०० ते ४,५०० ला जात होती. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदान संपलं म्हणून वजनकाटे थांबले.

आता तारखा लावून पाहा. तूर खळ्यावर आली डिसेंबर ते फेब्रुवारीत. आयात शुल्क लागलं मार्चच्या अखेरीस. आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये. तूर, मूग, उडदाच्या निर्यातीवरची २००६ पासूनची बंदी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. तिन्ही निर्णय दिशेनं बरोबर होते आणि तिन्ही अशा वेळी आले की छोट्या शेतकऱ्याच्या घरात तोवर पेरणीसाठी ठेवलेलं बियाणंच उरलं असेल. ज्यानं तूर साठवली, त्यालाच त्यांचा फायदा.

उलटं चित्र २०२४ चं. वर्षाच्या मध्यास अकोल्यात, लातुरात तूर १२ हजारांपर्यंत पोहोचली. ते पाहून पेरा वाढला, पाऊस बरा झाला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तुरीची आयात १२ लाख टनांच्या घरात गेली, तोवरची सगळ्यात जास्त. आणि मुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली जानेवारी २०२५ मध्ये, नेमकी नवी तूर बाजारात येत असताना. ७,५५० च्या हमीभावाखाली भाव त्याच सुमारास गेले.

आयात होऊच नये असं म्हणणं आम्हाला पटत नाही. दहा लाख टनांची तूट असताना दार पूर्ण बंद केलं तर किलोला २०० रुपयांची डाळ पुन्हा येईल, आणि ती सर्वांत जास्त टोचेल ती मजुरी करून वरण-भात खाणाऱ्या घराला, ज्यात कोरडवाहू शेतकऱ्याचंही घर आलं. आमचा आक्षेप वेळेवर आहे. मुदतवाढीचा निर्णय एप्रिल-मेमध्ये, पेरणीआधी जाहीर झाला तर शेतकरी तुरीऐवजी दुसरं काही पेरू शकतो, निदान सोयाबीनमधल्या आंतरपिकाच्या ओळी कमी करू शकतो. जानेवारीत जाहीर झाला तर त्याच्या हातात फक्त कापलेलं पीक असतं.

जहाज येण्याआधी भाव का पडतो

हंगामाचं वेळापत्रक डोळ्यासमोर हवं. आपली तूर जून-जुलैत पेरली जाते. बीडीएन ७११ सारखं १५० ते १६० दिवसांचं वाण डिसेंबरपर्यंत निघतं, उशिराची वाणं जानेवारी-फेब्रुवारीत. म्यानमारचं पीक आपल्या पाठोपाठ येतं आणि यांगूनहून चेन्नईला जहाज आठ-दहा दिवसांत पोहोचतं. पूर्व आफ्रिकेची काढणी जुलै-ऑगस्टपासून, ती तूर समुद्रात तीन-चार आठवडे घालवून सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये उतरते. म्हणजे आपली तूर येण्याच्या तोंडावर मिलची गोदामं आफ्रिकेच्या मालानं भरलेली असतात, आणि आपल्या आवकेचा जोर असताना लेमनचे सौदे चालू असतात. आयातीचं वर्षभराचं प्रमाण तेवढंच ठेवून ती फक्त एप्रिल ते सप्टेंबरमध्ये येऊ दिली, तरी खळ्यावरच्या भावावरचा दाब बराच हलका होईल.

पण भाव पडायला माल उतरावाच लागतो असंही नाही. मिलवाला डाळ विकतो ती दोन-तीन आठवड्यांनंतर, आणि तेव्हा बाजारात लेमनची डाळ काय भावानं असेल हे त्याला आज दिसतं. पुढे स्वस्त माल येणार हे कळलं की तो आठवड्याची गरज सोडून जास्त खरेदी करत नाही. पूर्वी पंधरा दिवसांचा साठा करणारा खरेदीदार पाच दिवसांवर येतो. अशा दहा मिल झाल्या की सौद्यात बोली लावणारेच कमी होतात. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी भाव दोनशेनं उतरतो तो यामुळे.

साठा मर्यादेचा परिणामही असाच होतो. २ जून २०२३ च्या आदेशानं तूर आणि उडदासाठी घाऊक व्यापाऱ्याला २०० टन आणि किरकोळ दुकानदाराला ५ टनांची मर्यादा घातली, आयातदाराला माल सोडवल्यापासून ३० दिवसांच्या आत विकायला लावलं. सप्टेंबर २०२३ मध्ये घाऊकची मर्यादा ५० टनांवर आणली. साठेबाजाला चाप बसतो हे ठीक. पण सुगीत शेतकऱ्याकडून घेऊन सहा महिने माल धरून ठेवणारा माणूसही त्याच मर्यादेत सापडतो, आणि तो बाजारातून गेला की सुगीतला भाव धरायला कुणी उरत नाही. त्यात जानेवारी २००७ पासून तुरीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद आहेत. मार्चमध्ये काय भाव असेल याचा उघड आकडा शेतकऱ्याला कुठेच दिसत नाही.

कडधान्यांच्या आयातीच्या अधिसूचनांमध्ये एक तारीख नेहमी नीट वाचायची: ‘बिल ऑफ लेडिंग’ची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची. अमुक तारखेपर्यंत मुक्त आयात, असं लिहिलं असेल तर अनेकदा त्याचा अर्थ त्या तारखेपर्यंत जहाजावर चढलेला माल असा असतो. तो महिना-दीड महिना पुढेही उतरत राहतो. मुदत संपली म्हणून लगेच भाव चढतील या आशेनं तूर धरून ठेवणारे इथं फसतात.

पांढरा वाटाणा तुरीला कसा खाली ओढतो

तुरीची आयात थांबवूनही तुरीचा भाव पडू शकतो, कारण गिऱ्हाईक डाळ बदलतं आणि भेसळ करणाऱ्याला तर निमित्तच हवं असतं. कॅनडा आणि रशियाचा पिवळा वाटाणा, ज्याला आपल्याकडे किराणा दुकानात पांढरा वाटाणा म्हणतात, नोव्हेंबर २०१७ पासून ५० टक्के शुल्काखाली होता आणि पुढे त्यावर संख्येचे निर्बंधही आले. ८ डिसेंबर २०२३ ला तो शुल्कमुक्त झाला. सुरुवातीला काही महिन्यांची म्हणून दिलेली सवलत वारंवार वाढत गेली आणि २०२४-२५ मध्ये २० लाख टनांच्या पुढे वाटाणा देशात आला. बंदरावर तो साडेतीन हजार रुपये क्विंटलच्या आसपास पडत होता. त्याच काळात हरभऱ्याचा हमीभाव ५,६५० होता.

दोन हजारांचा फरक असला की वाटाणा हरभऱ्याच्या जागी शिरतो. भजी-फरसाणाच्या बेसनात तो मिसळला जातो, खानावळींच्या उसळीत जातो, भरडून डाळीत घातला जातो. आधी हरभरा उतरतो. हरभरा डाळ स्वस्त झाली की तूरडाळीची मागणी थोडी सरकते, आणि तूर उतरते. ही साखळी महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण होते. म्हणून तूर उत्पादकानं वाटाण्याच्या अधिसूचनेवर हरभरा उत्पादकाइतकंच लक्ष ठेवायला हवं. कॅनडा आणि रशिया अल्पविकसित देशांत मोडत नाहीत, त्यामुळे इथं शुल्क खरोखर लागू पडतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागलं, १० टक्के मूळ आणि २० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. साडेतीन हजारांवर ३० टक्के म्हणजे १,०५० रुपये. वाटाणा पडला ४,५५० ला. तरीही हरभऱ्यापेक्षा हजारानं खाली, आणि आधी आलेला साठा गोदामांत होताच. शुल्क लागल्यावर हरभऱ्यानं लगेच उसळी का घेतली नाही याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

सोयाबीनचं गणित आणखी वेगळं आहे, थोडक्यात सांगतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं. तेल महागलं, सोयाबीन मात्र ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिलं. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. तेल ११० रुपये धरलं तर १,९८० रुपये, पेंड ३२ रुपये धरली तर २,५६०. जास्त पैसा पेंडीत आहे. तेल १० टक्के वाढलं तर १९८ रुपये वाढतात, पेंड किलोला ४ रुपयांनी पडली तर ३२० रुपये जातात. आणि पेंड पडत होती, कारण जगात सोयाबीन उदंड होतं आणि देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात शिरला होता. तेलाचं शुल्क सोयाबीनच्या किमतीच्या निम्म्याहून कमी हिश्श्यापर्यंतच पोहोचतं. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणलं गेलं.

ग्राहकाच्या बाजूचा हिशेबही मांडू, नाहीतर चित्र अर्धवट राहील. १०० किलो तुरीतून चांगल्या मिलमध्ये ७० ते ७५ किलो डाळ मिळते, बाकी चुणी आणि टरफल. तूर ७,००० ची, प्रक्रियेचा खर्च ३५०, चुणी-टरफलाचे परत आलेले ४५० धरले, तर ७२ किलो डाळीला ६,९०० रुपये पडले. किलोला ९६. दुकानात ती ११५-१२५ ला दिसली तर त्यात वाहतूक, पॅकिंग, दोन दलाल आणि दुकानदार आहेत. तूर क्विंटलला हजारानं उतरली तर डाळ मिलच्या दारात १४ रुपयांनी उतरायला हवी. दुकानात तेवढी उतरायला बराच वेळ लागतो, चढताना मात्र आठवडाही लागत नाही. शेतकऱ्याकडून काढून घेतलेले हजार रुपये पूर्णपणे ग्राहकाला मिळतात, हे गृहीत धरूनच आयातीचं समर्थन होतं. ते गृहीतक दर वर्षी तपासून पाहण्यासारखं आहे.

तूर घरात असताना

भाव हमीभावाखाली असेल तर पहिला पर्याय सरकारी खरेदी. सातबारावर तुरीची नोंद ई-पीक पाहणीतून झालेली नसेल तर नोंदणी अडते, आणि ती पाहणी उभ्या पिकातच करायची असते. जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. खरेदी जिल्ह्याच्या हेक्टरी उत्पादकतेच्या मर्यादेत होते, त्यामुळे ज्याचा उतारा चांगला त्याचा थोडा माल बाहेरच विकावा लागतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, काडीकचरा २ टक्क्यांच्या आत हवा. मळणीनंतर ताडपत्रीवर दोन-तीन उन्हं देऊन, चाळणी मारूनच माल न्यावा. केंद्रावरून परत आलेल्या गाडीचं भाडं आणि हमाली दोन्ही डोक्यावर बसतात.

धरून ठेवायची तर खर्च आधी मोजा. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्के कर्ज ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळतं. ७,००० च्या तुरीवर ५,२५० कर्ज, सहा महिन्यांचं व्याज १५८. गोदामभाडं द्यावं लागलं आणि महिन्याला क्विंटलमागे १५ धरलं तर ९०. वजनातली घट २ टक्के म्हणजे १४०. बेरीज ३८८. सहा महिन्यांनी भाव ७,४०० च्या वर जाणार असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. आणि साठवणीच्या तुरीत ओल राहिली तर भुंगेरा पडतो, मग हा सगळा हिशेब फुकट. लांब मुदतीसाठी दाणा ८ ते ९ टक्क्यांपर्यंत वाळवावा. १२ टक्क्यांवरून ९ वर आणलं तर १०० किलोचे ९६.७ किलो होतात, ती घट वरच्या हिशेबात वेगळी धरायची.

सगळी तूर एका दिवशी विकू नये, सगळी धरूही नये. देणी भागवण्यापुरती आधी, उरलेली दोन टप्प्यांत. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय घेताना चार आकडे वहीत लिहा: लेमनचा सीएनएफ भाव, त्या दिवसाचा डॉलर, तूर आणि वाटाण्याच्या चालू अधिसूचनेची शेवटची तारीख, आणि तुमच्या बाजार समितीतला सर्वसाधारण दर. बंदराच्या हिशेबानं निघालेल्या मर्यादेच्या शंभर रुपये खाली बाजार असेल आणि अधिसूचनेला अजून सहा महिने असतील, तर आणखी थांबून मिळण्यासारखं फार नाही, विकून टाका. बाजार त्या मर्यादेच्या चार-पाचशे खाली असेल तर कारण स्थानिक आहे. आवकेचा लोंढा, ओला माल, किंवा बोली लावणारे कमी. हे महिन्या-दीड महिन्यात निवळतं, आणि अशा वेळी तारण योजनेचं गोदाम उपयोगी पडतं. मोझांबिक, मलावी आणि म्यानमारच्या तिन्ही करारांची मुदत २०२५-२६ पर्यंतची. त्यांच्या जागी पुढे काय येतं आणि कोणत्या महिन्यात जाहीर होतं, हे पेरणीसाठी बियाणं घेण्याआधी पाहून घ्या.